मास्तर ‘उचला’ म्हणायचे तेव्हा

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आणि कापूस वेचणी सोडून. ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे हे मला अजून कळत नाही. अक्षर तर कोंबडीच्या पायांसारखं आहे. मशीनवर माझा हात सरळ चालतो, कागदावर नाही. जे वाचेल त्याने राग धरू नये. लेक म्हणते, आई, तू बोलत नाहीस तर निदान लिही. म्हणून लिहिते.

लिहायचं आहे ते मास्तरांबद्दल. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बँडचे मास्तर. आमच्या मेहरूणकडच्या गल्लीत, आमच्या घरासमोरच, त्यांच्या बँडची खोली होती. दारावर कोट वाळत घातलेले, आत भिंतीला ढोल टांगलेले. मास्तर मूळचे धुळ्याकडचे, बोलणं पक्कं अहिराणी. क्लॅरोनेट वाजवायचे. मिशा काळ्या करायचे आणि तो रंग कधीकधी कानापर्यंत जायचा. चहा दुसऱ्याचा असला तर दोन कप, स्वतःचा असला तर अर्धा. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर लेक म्हणेल की आई फक्त चांगलंच लिहिते.

त्यांच्याकडे दोन कवळ्या होत्या. एक जेवायची, एक वाजवायची. वाजवायची कवळी ते धुतलेल्या रुमालात बांधून वरच्या खिशात ठेवायचे. एकदा धुळ्याला लग्न होतं. वरात निघाली, गाणं रंगात आलं, आणि मास्तरांच्या क्लॅरोनेटमधून पिपाणीसारखा आवाज निघाला. जेवायची कवळी तोंडात राहून गेली होती. त्यांनी हात वर केला. सगळा बँड गप्प. एक माणूस कवळी आणायला उतरल्या जागी पळाला. नवरदेव घोड्यावर, घोडा चणे खातोय, नवरदेवाचा बाप मास्तरांच्या अंगावर धावून येतोय. मास्तर शांत. आणि बँडवाले सगळे उभ्या उभ्या पाय हलवताहेत, एक दोन, एक दोन. कवळी आली. मास्तरांनी तोंड फिरवून ती बसवली आणि म्हणाले, “उचला.” गाणं ज्या ओळीच्या मधोमध थांबलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं, त्याच वेगात. आमचे हे त्या लग्नाला होते. घरी येऊन हसता हसता त्यांना ठसका लागला होता.

‘उचला’ हा मास्तरांचा शब्द. तो त्यांनी बनवलेला नव्हता, ड्रायव्हर लोक म्हणतातच. पण मास्तर तो फार जपून वापरायचे आणि दुसऱ्याने भलतीकडे वापरला तर भांडायचे. गल्लीतला रिक्षावाला एकदा म्हणाला, “मास्तर, बसा, उचलतो गाडी.”

मास्तर बसलेच नाहीत. “उभी गाडी काय उचलशी? उभी गाडी काढतस.”

“बरं, काढतो. बसा तर.”

“पयती गाडी मंदानी का मंग उचलतस. ध्यानमा ठेव.”

“ठेवलं. आता बसता का पायी जाता?”

मास्तर पायी गेले.

त्यांचं म्हणणं असं होतं. सुरू करणं वेगळं. चालतं ते जोरात करणं वेगळं, त्याला ते ‘वाढवा’ म्हणायचे. पण जे चालू होतं, मंदावलं किंवा मधेच थांबलं, ते जिथे मंदावलं तिथूनच परत पहिल्या वेगाला न्यायचं, ते उचलणं. लाईट आल्यावर पंखा फिरला तर पंखा लागला. पण व्होल्टेज पडून रडत असलेल्या पंख्याने पुन्हा वारा टाकायला सुरुवात केली तर मास्तर वर बघून खुशीत म्हणायचे, “उचललं.” शेजारच्या लहान पोराला ताप आला. ते नुकतं चालायला शिकलं होतं, तापाने परत रांगायला लागलं. ताप उतरून ते पुन्हा भिंत धरून चाललं तेव्हा मास्तर खोलीतून ओरडले, “ते देखा, उचललं!”

माझी लेक तेव्हा तिसरीत होती. ओट्यावर बसून मोठ्याने धडा वाचायची. एखाद्या शब्दाला अडली की परत धड्याच्या पहिल्या ओळीपासून सुरू करायची. समोरून मास्तरांचा आवाज यायचा, “वरथून नको वं माय! जठे अडकनी तठून उचल!” तिला आधी राग यायचा. मग सवय लागली. आजही ती वाचताना अडली तर मागे जात नाही.

माझं आणि मास्तरांचं बोलणं म्हणावं तर नव्हतं. मी मुळात परक्या पुरुषाशी बोलत नसे. बँडचे कोट मात्र मी शिवायची. लाल कोट, पिवळी झालर, खांद्यावर गोंडे. माप घ्यायची वेळ आली की मी दाराआड उभी राहायची. मास्तर स्वतःच टेप धरून स्वतःच्या छातीला गुंडाळायचे आणि आकडा ओरडायचे, आमचे हे लिहून घ्यायचे. पोटाचा आकडा ते नेहमी कमी सांगायचे. मी तो वाढवून कापायची. कोट नीट बसला की मास्तर म्हणायचे, “बघा, बरोबर माप दिलं होतं मी.” आमचे हे माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे.

आता पांढऱ्या कपड्यांचा एक किस्सा सांगते, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. आमच्याकडे रीत आहे. ज्या घरात माणूस गेलं आहे त्या घरासमोरून वरात जाताना वाजंत्री बंद करतात. नाचणारे नाचायचे थांबतात, घर ओलांडलं की परत वाजतं. बाकीचे बँडवाले पुढे जाऊन नवं गाणं धरतात. मास्तरांचा बँड तसं करत नसे. घर आलं की वाद्यं बंद, पण पाय चालू. ढोलवाला मांडीवर एक बोट मारत राहायचा. मास्तर म्हणायचे, “गाणं थांबेल नई शे. गाणं दुखवटाले मान दी राहिनं.” म्हणजे मान देतंय. घर मागे पडलं की आधी ताशावर दोन हलके ठोके, मग ढोल, मग सगळे. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत गाणं पूर्ण वेगात असायचं.

तर एकदा ते बाजारपेठेतून वरात नेत होते. एका जैन व्यापारी शेठच्या घरासमोर ओट्यावर पांढरी चादर अंथरलेली, सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, खाली माना घालून गप्प बसलेली. मास्तरांनी हात वर केला. बँड बंद. पाय चालू. शेठ उठून रस्त्यावर आले.

“मास्टर, बंद काहून केलं?”

“शेठजी, तुमच्या घरी...”

“आमच्या घरी काय? सुनेचे आठ दिवसांचे उपास पूर्ण झाले, उद्या पारणं आहे! महाराज साहेब येणार म्हणून आम्ही शांत बसलो. तुम्ही तर आम्हाला मारूनच टाकलं!”

नाचणारे हसायला लागले. शेठ म्हणाले, “आता वाजवा. पहिल्यापासून वाजवा, आमच्या दारात.”

“पहिल्यापासून नई वाजणार,” मास्तर म्हणाले. “जठे ठेवेल शे तठून.” आणि तिथूनच उचललं. ती सून, आठ दिवस पाण्यावर राहिलेली, खिडकीत येऊन पदर तोंडाला लावून हसत होती म्हणे. हा किस्सा मास्तर स्वतः कधी सांगत नसत. बँडवाले सांगायचे आणि मास्तर तेव्हा क्लॅरोनेट पुसत बसायचे.

पावसाळा संपता संपता आमचे हे गेले. दालमिलमध्ये कामाला होते. ताप आला, दवाखाना झाला, आणि संपलं. ज्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी मशीनवर मास्तरांचा कोट होता. मी डावी बाही जोडत होते. अर्धी झाली होती. हाक आली तशी मी उठले. सुई कापडातच राहिली. नंतर मी त्या मशीनवर चादर टाकली. लाल बाही चादरीखालून लोंबत राहिली. मी तिच्याकडे बघायची नाही.

तुळशीचं लग्न झालं, लग्नं सुरू झाली. पहिली वरात आली ती आमच्या दारासमोर गप्प झाली. मला बरं वाटलं. माणसाला मान दिला असं वाटलं. दुसरी गप्प झाली, तिसरी गप्प झाली. तेराव्याला कितीतरी दिवस उलटले होते. पण माझं दार बंद असायचं, आणि बंद दारासमोर पहिल्यांदा वाजवायचं कोणी, असं प्रत्येकाला वाटायचं. सगळे भले लोक. भलेपणानेच प्रत्येक जण गप्प होऊन जायचा. होता होता थंडी गेली. मग काही वराती आमची गल्ली टाळून मागच्या रस्त्याने जायला लागल्या. त्यानंतर नवरीचे ब्लाऊज यायचे बंद झाले. ज्या घरासमोर वाजंत्री बंद होते त्या घरात लग्नाचं कापड कोण टाकणार? कोणी वाईट बोललं नाही. फक्त येईनासे झाले.

लेक एकदा म्हणाली, “आई, आपल्या घरासमोर बँड परत कधीच वाजणार नाही का?” मी उठून दाराची कडी लावली.

माझा मोठा भाऊ भडगावला असतो. तो आला आणि म्हणाला, “आते आखाजीले चाल. परत येवानं काय काम शे? मशीन विकी टाकू, खोली सोडू. आमना घरमा दोन जीव जास्त व्हतीन, दुसरं काय.” तो मनापासून बोलत होता. वहिनीही वाईट नाही. पण दुसऱ्याच्या घरात आपण जास्तीचे दोन जीव होऊन राहायचं म्हणजे काय असतं ते मी माझ्या आत्याच्या नशिबी पाहिलं होतं. उठताना भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून ती चुलीपाशी कशी वावरायची ते मला आठवत होतं. तरी मी हो म्हणून मान हलवली. नाही म्हणायला माझ्याकडे काय होतं? मशीन बंद, गिऱ्हाईक बंद. भाऊ म्हणाला, आखाजीला टेम्पो घेऊन येतो.

त्या सगळ्या दिवसांत मास्तर जुनाच ठिगळाचा कोट घालून वाजवत होते. त्यांना लोक म्हणायचे, मास्तर, दुसरीकडून शिवून घ्या. समोरच असल्यामुळे मला ऐकू यायचं. त्यांचं उत्तर एकच. “कोट शिवाले टाकेल शे.”

“कधी टाकला?”

“टाकेल शे. शिवाई राहिना.”

मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. पण ते मला ऐकवण्यासाठी बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या लेखी तो कोट थांबलेला नव्हता, शिवला जात होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओट्यापाशी आले. बसले नाहीत. मी दाराआड. लेक दारात.

“बहीन,” ते म्हणाले, “उद्या आमनी वरात ह्या गल्लीथून जाई. मी मांगना रस्ताथून नई नेणार. आते तू सांग. तुना दारसमोर थांबू का उचलू?”

लेकीने वळून दाराआड माझ्याकडे बघितलं.

“तोंडथून नको सांगू. मशीन ओट्यावर काढी ठेव. चालू दिसनी तर मी उचलसू. बंद दिसनी तर गुपचूप जासू. मंग परत कधी इचारणार नई.”

एवढं बोलून गेले. कोटाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर पुजतात, ती सकाळी भरली. आमच्या यांच्या नावाची पहिली घागर. आंब्याचा रस, खापरावरचे मांडे, सांजोऱ्या. दुपारून भाऊ टेम्पो घेऊन आला. भांडी बांधून झाली. मशीन शेवटी न्यायची म्हणून त्याने आणि टेम्पोवाल्याने ती उचलून ओट्यावर आणून ठेवली. दोरी आणायला भाऊ टेम्पोकडे गेला. म्हणजे मी मशीन ओट्यावर काढली नाही, भावानेच विकायला म्हणून काढली. हे खरं आहे म्हणून लिहिते.

उन्हं उतरली होती. गल्लीच्या तोंडाशी बँडचा आवाज आला. मोठी वरात होती, पोरं धुळीत नाचत होती. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी जाऊन मशीनसमोर बसले. चादर काढली. सुई तशीच बाहीत उभी होती.

दोन घरं अलीकडे मास्तरांनी हात वर केला. बँड गप्प झाला. नाचणारे थांबले. नुसते पायांचे आवाज येत होते, एक दोन, एक दोन. नवरदेवाची आत्या पुढे येऊन मास्तरांना म्हणाली, “चला ना लवकर पुढे. दारात बाई बसली आहे, दिसत नाही? शुभकार्य आहे.”

मास्तर मोठ्याने म्हणाले, “देखाई राहिनं. ती मनी शिंपीन शे. मना कोट शिवी राहिनी.”

मी शिवत नव्हते. माझे पाय पायट्यावर होते, पण हलत नव्हते. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. आयुष्यात इतक्या माणसांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. भाऊ दोरी हातात घेऊन उभा होता. बँड आमच्या दारासमोर आला. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. माझ्या पायांकडे बघत होते. त्यांचे स्वतःचे पाय जागच्या जागी चालू होते. ढोलवाल्याचं बोट मांडीवर चालू होतं. ते पाय बघता बघता माझा हात चाकावर गेला. मी चाक पुढे ओढलं. सुई गंजली होती, कापडात धरून बसली होती. जोर लावला तशी करकर करत वर आली. मग पायटा खाली गेला, वर आला. एक टाका. अजून एक. पट्टा कुरकुरला. मग मशीन चालली.

“उचला,” मास्तर म्हणाले.

ताशावर दोन ठोके पडले. मग ढोल. मग क्लॅरोनेट. गाणं दोन घरं मागे जिथे टाकलं होतं तिथून निघालं. पोरं ओरडून नाचायला लागली. ती आत्या जरा वेळ तोंड वाकडं करून उभी होती, मग गर्दीने तिलाही पुढे ढकललं. लेक ओट्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी मान खाली घालून बाही शिवत होते. मला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण शिवण सरळ आली. नंतर उलटून पाहिली, सरळ होती.

वरात लांब गेल्यावर भाऊ जवळ आला.

“मंग? मशीन बांधू का?”

“राहू दे, दादा,” मी म्हटलं.

मग त्याने दोरी गुंडाळली आणि टेम्पोतली भांडी परत आत आणायला लागला. जाताना त्याला सांजोऱ्या बांधून दिल्या. टेम्पोवाल्यालाही दिल्या. तो म्हणाला, असं भाडं रोज मिळो.

वैशाख संपायच्या आत नवरीचे ब्लाऊज परत यायला लागले. पहिलं कापड कोणी टाकलं सांगू? नवरदेवाच्या त्याच आत्याने. तिच्या एका भाचीचं लग्न होतं. शिलाई कमी करायला मात्र भांडली.

मास्तरांचा कोट मी चार दिवसांत पूर्ण केला. डाव्या खांद्याजवळ, सुई जिथे उभी होती तिथे, गंजाचा बारीक तपकिरी डाग राहिला. लिंबू लावलं, निघाला नाही. मी लेकीला सांगितलं, मास्तरांना म्हण, त्यावर गोंडा सरकवून देते. लेक खोलीत जाऊन आली. “नको म्हणाले. म्हणाले, डाग दिसू दे.”

मग ते कोट घालून आमच्या ओट्यावर आले. सगळा बँड मागे, हसायच्या तयारीत. कोटाची बटणं लागत नव्हती. सगळा हंगाम लग्नांचं जेवून मास्तरांचं पोट पुढे आलं होतं, आणि मी तर जुन्या मापाने कापलेला.

“कोट आखडना,” मास्तर मला न बघता हवेत म्हणाले. “पडी पडी कापड आखडस.”

ढोलवाला म्हणाला, “कापड नई आखडनं मास्तर, तुम्ही पसरनात.”

“चूप. टेप द्या. माप सांगतो.” आणि त्यांनी नेहमीसारखा टेप घ्यायला हात पुढे केला.

टेप माझ्या गळ्यात होता. आमचे हे असते तर त्यांनी तो नेऊन दिला असता. मी दाराआडून बाहेर आले, ओट्याच्या कडेला उभी राहिले आणि म्हटलं, “मास्तर, हात सरळ करा. मी घेते.”